चिठ्ठी बदलली म्हणून डब्यातली डाळ बदलत नाही

दिवाळी सरली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मंडया भरू लागतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव तंबू ठोकतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र रंगतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा, आणि मागोमाग लग्नसराई. यातलं काहीही आता फोनशिवाय होत नाही. वरमाला पडायच्या आत दहा हात वर जातात, आणि दहाही हातांत फोन असतात!

मग केव्हातरी घरात टूम निघते. सासूबाईंची पंचाहत्तरी आली आहे, किंवा दिरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, तर सगळे जुने-नवे व्हिडिओ एकत्र करून एक छानशी फिल्म करू या. कपाटातून लग्नाची सीडी निघते. जुन्या फोनमधली बारशाची चिमुकली चित्रफीत निघते. पुण्याचा भाचा त्याच्या आयफोनवरचं काहीबाही पाठवतो. मुलगा लॅपटॉपवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडतो आणि एकेक फाइल त्यात टाकू लागतो. एक उघडते. दुसरीला सॉफ्टवेअर सरळ नकार देतं. तिसरीत चित्र दिसतं पण आवाज नाही. चौथीत आवाज आहे, पण पडदा काळा. मुलगा म्हणतो, "आई, ही सीडी खराब झालीय, टाकून दे."

थांबा! ती सीडी टाकू नका. दहांतल्या बऱ्याच वेळा काही खराब झालेलं नसतं. फाइल चांगली असते, फक्त तुमच्या सॉफ्टवेअरला तिची भाषा कळत नसते. तिचं रूपांतर करून देणं हे घरातल्या घरात, पैसा न खर्चता आणि इंटरनेटचा वेग नसतानाही करता येण्याजोगं काम आहे. निगुतीने लोणचं घालणाऱ्या बाईला ते मुळीच अवघड नाही. या आठवड्यात तेच पाहू या.

डबा वेगळा, जिन्नस वेगळा

व्हिडिओच्या फाइलला नावामागे एक शेपूट असतं. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही, थ्रीजीपी, डीएटी, व्हीओबी. आपल्याला वाटतं हाच तिचा प्रकार. खरं म्हणजे हा फक्त डबा आहे. डब्यात दोन जिन्नस भरलेले असतात, एक चित्र आणि दुसरा आवाज. ते ज्या पद्धतीने दाबून भरले आहेत त्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

दाबून का भरायचं, असं तुम्ही विचाराल. थोडा हिशेब करा. आजच्या साध्या फोनच्या चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि सेकंदाला अशी २५ ते ३० चित्रं. ती जशीच्या तशी साठवली तर एका मिनिटाला सुमारे ९ जीबी जागा लागेल! प्रत्यक्षात आयफोन एका मिनिटाला साधारण ६० एमबीत भागवतो. हे साधतं कसं? एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. मांडव तोच, भिंत तीच, हलला तो फक्त भटजींचा हात. मग हातापुरतंच लिहा.

आता लक्षात येईल की फोनमध्ये व्यवस्थित चालणारा व्हिडिओ एडिटिंगमध्ये का अडतो. नुसतं पाहायचं असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक घडी उलगडत जायचं, बस्स. एडिटिंगवाल्याला मात्र मधल्या कुठल्याही चित्रावर थांबायचं असतं, तिथे कापायचं असतं, मागे-पुढे जायचं असतं. त्यासाठी ती घडी घालण्याची पद्धत त्याला पुरती ठाऊक हवी. ती ठाऊक नसली की तो हात वर करतो.

काही जण एक सोपी युक्ती सांगतात. फाइलचं नाव बदला, डीएटी खोडून एमपी४ लिहा, झालं! मैत्रिणींनो, मुगाच्या डब्यावर तुरीची चिठ्ठी लावली म्हणून आमटी तुरीची होते का? कधीकधी अशी फाइल उघडतेही, पण ते सॉफ्टवेअरने आत डोकावून ओळखलं म्हणून. त्या भरवशावर काम करू नये.

आधी झाकण उघडून पाहा

रूपांतराला हात घालण्याआधी आत काय आहे ते पाहायचं. यासाठी व्हीएलसी नावाचा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर असू द्या. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात तसला केशरी शंकू हे त्याचं चिन्ह. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो उभा राहिला आणि आजही फुकट मिळतो. तो जवळजवळ सगळं उघडतो. म्हणून फाइल खराब आहे की नाही याची पहिली परीक्षा इथेच घ्यायची. व्हीएलसीत चालली तर फाइल धडधाकट आहे असं समजा.

फाइल चालू असताना वरच्या 'टूल्स' या यादीत 'कोडेक इन्फर्मेशन' असं दिसेल. तिथे चित्राचं कोडेक, आवाजाचं कोडेक, चित्राची लांबी-रुंदी आणि सेकंदाला किती चित्रं हे सगळं लिहिलेलं असतं. वहीच्या एका पानावर उतरवून घ्या. पुढचा सगळा निर्णय यावर आहे.

जर चित्र 'एच.२६४' आणि आवाज 'एएसी' असेल, आणि डबा मात्र एमकेव्ही वगैरे असेल, तर जिन्नस उत्तम आहे, नुसता डबा बदलायचा. त्यासाठी एव्हिडेमक्स नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात फाइल उघडायची, चित्र आणि आवाज दोन्हींपुढे 'कॉपी' ठेवायचं, खाली डबा म्हणून एमपी४ निवडायचा आणि साठवायचं. तासाभराचा व्हिडिओ दोन-चार मिनिटांत होतो, आणि चित्राच्या दर्जात तसूभरही फरक पडत नाही, कारण आपण घडी मोडलेलीच नसते.

जिन्नसच निराळा असेल, तर मात्र घडी मोडून नव्याने घालावी लागते. त्याला वेळ लागतो आणि थोडा दर्जाही जातो. म्हणून डबा बदलून भागत असेल तर पूर्ण रूपांतर करू नये.

रूपांतराची कृती

या कामासाठी हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम चांगला. त्याच्या चिन्हात एक अननस आणि शेजारी पेला आहे, त्यावरून ओळखा. तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. भलत्या ठिकाणाहून घेतलेल्या प्रोग्रामबरोबर नको ते पाहुणे घरात शिरतात. एकदा घेतला की पुढे इंटरनेटची गरज नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतून हे सोयीचं पडतं.

कृती अशी:

१. मूळ फाइल सीडीवरून किंवा फोनमधून आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. सीडी फिरत ठेवून थेट तिच्यावरून रूपांतर करू नका.

२. हँडब्रेक उघडून 'ओपन सोर्स'मधून ती फाइल निवडा. डबा म्हणून एमपी४ ठेवा.

३. 'व्हिडिओ' या पानावर कोडेक म्हणून 'एच.२६४' निवडा. हे २००३ साली ठरलेलं माप आहे आणि आज जवळजवळ प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरला कळतं.

४. त्याच पानावर 'फ्रेमरेट'पुढे 'सेम ॲज सोर्स' आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडा. ही पायरी चुकवू नका, कारण पुढे सांगते.

५. दर्जासाठी 'आरएफ' नावाची एक सरकपट्टी आहे. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. घरच्या कामाला १८ ते २० ठेवा.

६. 'ऑडिओ' या पानावर 'एएसी' ठेवा.

७. कुठे साठवायचं ते दाखवा, निराळं नाव द्या आणि 'स्टार्ट एन्कोड' दाबा.

आता लॅपटॉप बाजूला ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. जुन्या लॅपटॉपला तासाभराच्या व्हिडिओला तास-दीड तासही लागू शकतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, तो तापतो. आपल्याकडचा मे महिना तर विचारूच नका, पारा ४५ च्या वर! त्या दिवसांत हे काम पहाटे किंवा रात्री करावं. वीज चंद्रपुरात तयार होते खरी, पण वादळवारं सुटलं की आपलीही लाईन जातेच. म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. रूपांतर अर्ध्यावर तुटलं तर ती अर्धी फाइल काढून टाकून पुन्हा सुरुवात करायची. मूळ फाइलला त्यामुळे काही होत नाही.

आता चौथ्या पायरीचं कारण. फोन काही सेकंदाला नेमकी ३० चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो चित्रांची संख्या आपल्या मनाने कमी-जास्त करतो. पाहताना ते कळत नाही. एडिटिंगमध्ये मात्र आवाज पुढे आणि ओठ मागे, असा घोळ होतो. रात्रीच्या मांडवात किंवा नाटकाच्या तंबूत घेतलेल्या चित्रफितीत हे हमखास घडतं. मंगलाष्टकांतलं 'सावधान' ऐकू येतं तेव्हा पडद्यावर अक्षता केव्हाच पडून गेलेल्या असतात! 'कॉन्स्टंट' निवडलं की चित्रांची चाल एकसारखी होते आणि हा घोळ टळतो.

कपाटात काय सापडेल, त्याचं काय करावं

लग्नाची व्हीसीडी. १९९३ साली हा प्रकार ठरला, आणि पुढे आपल्याकडे वर्षानुवर्षं लग्नाच्या सीड्या अशाच निघाल्या. एका चकतीवर साधारण ७४ मिनिटं, म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन चकत्या. ती संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डीएटी शेपटाची फाइल. तीच तुमची चित्रफीत. हँडब्रेकने ती उघडली नाही, तर व्हीएलसीत 'मीडिया' यादीतल्या 'कन्व्हर्ट/सेव्ह'मधून फाइल निवडा आणि 'एच.२६४' व एमपी४ असलेला प्रकार घ्या. आणि एक सांगून ठेवते. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ एवढंच असतं. आजच्या फोनच्या चित्रात त्याच्या वीसपट ठिपके असतात. रूपांतर करताना ते मोठं करू नका. पिठात पाणी वाढवून भाकरी मोठी होत नसते. आहे त्या मापात ठेवा आणि फिल्ममध्ये बाजूला चौकट सोडून दाखवा, छान दिसतं.

डीव्हीडी. हिच्यात 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर आणि आत व्हीओबी फाइली असतात. एकेक तुकडा १ जीबीपर्यंतचा. एकेक फाइल वेगळी उचलू नका, मध्ये वाक्य तुटतं. अख्खा फोल्डर लॅपटॉपवर उतरवा आणि हँडब्रेकला फोल्डरच दाखवा, तो सलग चित्रफीत ओळखतो. हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील, तर 'फिल्टर्स' पानावर 'डीइंटरलेस' चालू करा. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेलं असे, त्याच्या त्या रेषा.

जुन्या बटणांच्या फोनमधली थ्रीजीपी. ही चित्रं अगदी टिचभर असतात, आणि आवाजाचं कोडेक निराळं असल्यामुळे एडिटिंगमध्ये मुका सिनेमा होतो. वरच्याच कृतीने आवाज परत येतो.

कॅमेऱ्याची एमटीएस. २००६ नंतरच्या हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत ही सापडते. यातही सगळं कार्ड आहे तसं उतरवा, लांब कार्यक्रमाचे तुकडे त्यात असतात.

आयफोनची एमओव्ही. आयफोन २०१७ पासून 'एचईव्हीसी' नावाचं नवं कोडेक वापरतो. जागा निम्मी लागते, पण जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. भाच्याला सांगा, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवड. मग पुढचे व्हिडिओ 'एच.२६४'मध्येच येतील. मिनिटाला ६० च्या जागी १३० एमबी लागतील, पण रूपांतराचा व्याप वाचेल. काही अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये असंच एक बटण असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे फोन एकदा पाहून घ्या.

व्हीएचएस कॅसेट. हिच्यात फाइलच नाही, फीत आहे. ही आधी चालत्या व्हीसीआरवर लावून, एक छोटं यंत्र मध्ये जोडून, लॅपटॉपवर उतरवावी लागते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, त्यात सुटका नाही. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. फीतही जाईल आणि यंत्रही. ती जाणकाराकडे द्या.

आज-उद्या करू नका

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं. त्याच साली २६ ऑगस्टला चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू आपल्या गावांत लग्नाच्या 'शूटिंग'ची हौस आली. डोळे दिपवणारा दिवा खांद्यावर घेतलेला तो माणूस आठवतो ना? त्याने टिपलेल्या कॅसेटी आज तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. पावसाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातला भाजका, दोन्ही फितीचे वैरी. आणि यंत्रं तर बनतच नाहीत. जगातला व्हीसीआर बनवणारा शेवटचा मोठा कारखाना, जपानची फुनाई कंपनी, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे आहेत ते जुनेच, दुरुस्त करून चालवलेले. सीड्यांचंही तेच. नव्या लॅपटॉपला बहुधा सीडी घालायची जागाच नसते. बाहेरून जोडायचं एक छोटं ड्राइव्ह विकत मिळतं, किंवा शेजारच्या घरचा जुना संगणक चालतो.

या चकत्यांत आहे काय, ते एकदा मनाशी आठवून पाहा. नवरा-नवरी तर आहेतच, त्यांचे फोटोही आहेत. पण हळदीच्या वेळी मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायका आहेत. त्या झाडीबोलीत जी गाणी म्हणत होत्या ती कोणी वहीत उतरवलेली नाहीत. आजेसासूबाईंचं हसणं आहे. ज्यांचा एकही फोटो धड नाही असे कोणी मामंजी दारात उभे राहून पाहुण्यांना "या, बसा" म्हणताना दिसतात. व्हिडिओवाल्याला ते नकोच होते, ते असेच चौकटीत आले. आज त्यांचा आवाज जगात फक्त त्या एका चकतीवर आहे. एखाद्या घरात कोणी झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलेलं असतं. रंगभूमीवरचं काम पहाटे पडदा पडला की संपतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा गडचिरोलीच्या या रंगभूमीकडे सगळ्या देशाने पाहिलं. पण ज्यांचं नाव कुठेच छापून आलं नाही, त्या कलावंतांचा एखादा प्रवेश घरच्याच कुणाच्या जुन्या फोनमध्ये थ्रीजीपी होऊन पडलेला असतो. "उघडत नाही" एवढ्या कारणावरून तो पुसला जावा, हे काही बरं नव्हे.

मूळ ते मूळ

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रूपांतर झालं, एडिटिंगमध्ये फाइल छान उघडली, की पहिला मोह होतो तो मूळ फाइल पुसून जागा मोकळी करण्याचा. तो आवरा. प्रत्येक वेळी घडी मोडून नवी घालताना चित्रातलं थोडं हरवतंच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यासारखं आहे ते. उद्या अधिक चांगलं सॉफ्टवेअर येईल तेव्हा मुळावरूनच नवं रूपांतर करायला हवं, रूपांतराच्या रूपांतरावरून नव्हे.

म्हणून लॅपटॉपवर दोन फोल्डर करा. एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'कामाचे'. 'मूळ'मधल्या फाइलीला हात लावायचा नाही. तिचं नावही फक्त एवढ्यापुरतं बदलायचं की साल, प्रसंग आणि गाव लिहिता यावं: '१९९८ लग्न ब्रह्मपुरी चकती १' असं. शेपटाला हात लावायचा नाही. मग हे दोन्ही फोल्डर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि 'मूळ'ची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. माहेरी ठेवली तर उत्तम. एका घरात ओल आली, चोरी झाली, तरी दुसरीकडे ती शाबूत राहते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

इंटरनेटवर 'फाइल इथे टाका, आम्ही फुकट रूपांतर करून देतो' अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. घरातल्या लेकी-सुनांची, लहान मुलांची चित्रं आपण कुणा अनोळख्याच्या कपाटात का ठेवायची? शिवाय धोका निराळाही आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला होता की अशा काही फुकट्या ठिकाणांवरून परत मिळणाऱ्या फाइलीबरोबर संगणकाला घातक प्रोग्राम येतात. आपल्या घरच्या लॅपटॉपवर जे होतं ते बाहेर पाठवू नये.

व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ मागवला तर तो वाटेतच दाबून लहान केला जातो. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. २०२२ पासून अशी २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. त्याहून मोठी असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पेनड्राइव्ह मागवावा. आलापल्ली-भामरागडकडे नेटवर्कची वाट पाहण्यापेक्षा एसटीने आलेला पेनड्राइव्ह लवकर पोचतो!

सीडी पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा सीडीला जास्त महाग पडतो.

काम स्टुडिओत द्यायचं असेल तर नुसतं "सीडीचं पेनड्राइव्हवर करून द्या" असं म्हणू नका. चार गोष्टी स्पष्ट सांगा. मूळ फाइल जशीच्या तशी हवी. रूपांतर 'एच.२६४', एमपी४ मध्ये हवं. चित्र ओढून लांबट करायचं नाही, मूळ माप ठेवायचं. आणि चकत्या किंवा कॅसेटी मोजून परत हव्यात. त्या वहीत लिहून दुकानदाराची सही घ्या. नवीन लग्नाचं शूटिंग ठरवतानाही हेच. तयार फिल्म तर घ्याच, शिवाय न कापलेल्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर मिळतील असं पैसे ठरवतानाच बोलून घ्या. नंतर मागितल्या की "पुसल्या ताई" असं उत्तर येतं, आणि मग आपल्या हाती काही उरत नाही.

"हे सगळं मुलगा बघेल" असंही म्हणू नका. मुलाला ती नुसती न उघडणारी फाइल दिसते. तिच्यात कोण आहे, ते गाणं कुठलं, मागे उभी असलेली ती कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. बटणं दाबायला त्याला शेजारी बसवा, पण काय ठेवायचं हे तुम्ही ठरवा. आणि बसल्या बसल्या सासूबाईंना विचारून प्रत्येक चित्रफितीतल्या माणसांची नावं वहीत लिहून ठेवा. सांगणारं माणूस समोर आहे तोवरच ही नावं मिळतात.

तेव्हा या आठवड्याचं काम एवढंच. कपाटातल्या सगळ्या सीड्या, कॅसेटी आणि जुने फोन एका परातीत काढा. प्रत्येकावर साल आणि प्रसंग लिहा. त्यातली जी सगळ्यांत जुनी, तिच्यापासून सुरुवात करा, आणि तिची मूळ फाइल या रविवारच्या आत लॅपटॉपवर उतरवून घ्या. रूपांतर सवडीने केलं तरी चालेल, उतरवून घेणं मात्र सवडीवर टाकू नका. पुढच्या आठवड्यात भेटूच.